क्रमांक ११७ ची उंची

१२ ऑगस्ट २०२५, घाटंजी
संकल्प: १५ सप्टेंबरला डेटाबेस जगासाठी खुला करणारच. तांड्यामागच्या उजाड गायरानावर जंगल परत येतं, हे आकड्यांनी सिद्ध होईल. चारशे बारा झाडं, प्रत्येकावर मी बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची नंबरपट्टी, दोन वर्षांच्या उंच्या. सिद्ध झालं तर कुंपण घालून देणारी पुण्याची संस्था ते आणखी पाच वर्षं ठेवणार. नाहीतर कुंपण दुसरीकडे जाणार आणि शेळ्या महिन्याभरात मैदान करणार. फक्त यंदाच्या उंच्या आणि प्रत्येक झाडाचं जीपीएस घ्यायचं राहिलंय. उद्या.

१३ ऑगस्ट
पाऊस. जीपीएस उद्या.

१७ ऑगस्ट
कंबर धरली. नवे राखणदार हिरासिंगकाका यांचा फोन. या पट्ट्या कायले बांधल्या, म्हणून विचारत होते. डेटा समजावण्यात तास गेला असता. म्हटलं, शोभेसाठी, काका. खूश झाले. सामान्य माणसाशी सोपं बोलणं ही माझी खासियत आहे.

२२ ऑगस्ट, पोळा
काकांकडे जेवण. बैलांच्या गळ्यात चांदीसारख्या चमकणाऱ्या पट्ट्यांच्या माळा! फोटो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं: लोककला जपा. चांगले व्ह्यूज आले. प्लॉटवर जाणार होतो, पण चार पुरणपोळ्यांनंतर चढ चढवत नाही.

३० ऑगस्ट
यंदाच्या उंच्या फोनवरच घेतल्या. काका काठीने मोजतात, नंबर वाचतात, मी टाइप करतो. चिखल नाही, पेट्रोल नाही. सगळीकडे असंच व्हायला हवं.

१ सप्टेंबर
क्रमांक ११७ गेल्या वर्षी सहा फूट. यंदा दीड. ११८ दोन फुटांवरून नऊवर. शेजारची शबाना शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, झाड आखडतं का? गणितवाल्यांना निसर्ग कळत नाही. हा हवामानबदल आहे. मी ‘उलट वाढ’ असं नाव दिलं. बहुतेक जगात पहिलीच नोंद.

१५ सप्टेंबर
खुला केला! माझं नाव सगळ्यात वर.

१६ सप्टेंबर, सकाळी ११
पुण्याहून संस्थेच्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन. दोनशे झाडं बुटकी कशी झाली? उलट वाढ समजावली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जुनं जीपीएस पाठवा, त्यावरून कोणतं झाड कोणतं ते लावून घेऊ.
पाठवतो म्हणालो. काय पाठवणार?

दुपारी २
शबानाने पोळ्याचा फोटो मोठा करून दाखवला. बैलाच्या गळ्यात ११७. त्याला लागून ३०५.
जेवलो नाही.

१७ सप्टेंबर
जूननंतर आज पहिल्यांदा प्लॉटवर. काकांनी अभिमानाने फिरवलं. म्हणाले, सर, एकबी पट्टी हरवू नाही देली. पोळा झाल्यावर धुतल्या. तुमचं तं चारच्या बाजूले तीनशे होतं, आम्ही झाडाईले एकपासून लायनीनं परत बांधल्या. काढल्याच काहून, विचारलं. तर म्हणे, तुम्हीच तं म्हणले शोभेसाठी हायेत, झाडाले कायची शोभा?
मी मटकन खाली बसलो आणि रडलो. त्यांच्या पत्नी सुखीबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, झाडं तं वाढली ना, सर, मंग काहून रडून राह्यले?
वाढली. माझ्या डोक्यावर गेलीत, खाली गवत आहे, पाखरं आहेत. सगळ्यांना दिसतंय. सिद्ध मात्र होत नाही. जीपीएस असतं तर पट्ट्या बैलांनी खाल्ल्या असत्या तरी चाललं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार
संस्थेचं पत्र आलं. डेटाबेसमधून आमचा प्लॉट काढला. कुंपण काढायला माणसं उद्या येणार. काका म्हणाले, माह्या शेळ्या मी बांधून ठेवतो, साऱ्या तांड्याचं कसं सांगू?
आज चारशे बारा झाडांचं जीपीएस घेतलं. पाऊस होता, कंबर दुखत होती. तरी एका दिवसात झालं.