चार ठोके थांब

प्रिय चिमणे,

तुझं पार्सल मिळालं. कोरसचा काळा पोशाख इस्त्री करून पाठवलास आणि वर चिठ्ठी, की आता माझी ओळ तू गा. तो पोशाख मला दंडातसुद्धा चढणार नाही हे तुला ठाऊक आहे. तरी आरशासमोर उभी राहून अंगाला लावून पाहिलाच. खोटं कशाला बोलू?

अकरा वर्षं आपण दुसऱ्या रांगेत शेजारी उभ्या राहिलो. लांबलेला सूर तुटू नये म्हणून शेजारणींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, हा मास्तरांचा पहिला धडा. आपली वाटणी ठरलेली, आधी तू, मग मी. तू श्वास घेताना सूर मी धरायची, मी घेताना तू. दिवसभर तू चष्म्याच्या दुकानात भिंगं पुसायचीस, मी शाळेच्या कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारायची, आणि गुरुवारी संध्याकाळी आपण दोघी मिळून एक गळा व्हायचो.

मग मोठी मैफल ठरली. सत्तर वादक, नव्वद गाणारे, आणि मधोमध एकटीने गायची एकच ओळ. मास्तरांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. घरी जाऊन बाथरूममध्ये तुझी ओळ गायले, तुझ्याहून बरी जमली असं वाटलं, म्हणून नवऱ्याला विचारलं कशी झाली. तो म्हणाला, गीझर बंद केलास का? तुझ्या जागी शेजारी एक नवी मुलगी आली, ती नेमकी माझ्याच वेळी श्वास घ्यायची. त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला, मनातल्या मनात. तू गोड बोललीस की अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

मैफलीत काय झालं ते तुला मी काय सांगणार! बासऱ्या थांबल्या, तू सवयीने डोळे मिटून सूर लावलास, आणि बाकी सगळं सभागृह गप्प. मास्तरांचा हात हवेतच. तू चार ठोके आधी आली होतीस. तू थांबलीस, मग खरी जागा आली तेव्हा तुझा आवाजच फुटेना. मागच्या दाराने निघून गेलीस, कुणाशी बोलली नाहीस. घाबरून मोजायला चुकले, असं चिठ्ठीत लिहिलं आहेस.

तू चुकली नाहीस. आदल्या दिवशीच्या तालमीत मास्तरांनी बदल केला. सभागृहात बासऱ्या फार घुमतात, तो आवाज विरू दे, चार ठोके थांबून ओळ सुरू कर, असं तुला कळवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी वहीत पेन्सिलीने लिहूनही घेतलं. मैफलीआधी तू माझ्या केसांत पिना लावत होतीस तेव्हा सांगता आलं असतं. मी मूग गिळून बसले. नंतर मास्तरांनी विचारलं, निरोप दिला होतास ना? मी मान डोलावली.

आणि तू त्या तालमीला का नव्हतीस? माझी तिसरी गैरहजेरी लागून नाव कटू नये म्हणून माझ्या आईला डोळ्यांच्या दवाखान्यात तू घेऊन गेली होतीस. तिथल्या बाकावर तू तिला ती ओळ हळू आवाजात म्हणून दाखवलीस, आणि म्हणालीस की शेजारी ताई नसली की मला भीती वाटते. हे आईने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणजे हेही मला ठाऊक होतं.

काल गुरुवार होता. सगळ्यांसमोर मी वही उघडून दाखवली. मास्तरांनी वही मिटली. पुढच्या महिन्यात मैफल पुन्हा आहे, ओळ तुझीच आहे, पोशाख परत पाठवते आहे. तू गाशील तेव्हा मी जळेनच, तो स्वभाव एका पत्राने जायचा नाही. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाल्यापासून ती रोज विचारते, चिमणी कधी येणार.

लिहायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
शेजारीण