डब्याची लस

८ मे २००१
रातभर डोळ्याला डोळा न्हाई. काल संस्कृतीला गोवराची लस दिली, तापानं रडली. आज कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या कॉम्प्युटरच्या खोलीत झोळीत टाकली तर लगी झोपली. आख्ख्या मोंढ्याच्या बाजारात एसी तितंच. झोळी माज्या भावानं, महांतेशदादानं बांधली, खिडकीच्या गजाला. हितलं झाडलोटीचं काम बी त्यानंच लावलं. सुटलं तर पोरीला घिऊन कुटं जावं?

कॉम्प्युटरवाला बंकट आलता. म्हणला, वैनी, सगळ्या जिनिंगची मेल ह्या डब्यातून जाती. त्याला व्हायरस लागतो. रोज दुपारी अपडेट दाबा. म्हंजी नवी लस. लई शहाणा.

९ मे
दाबलं. मोडेम आसं किंचाळलं, पोरगी दचकून उठली, काळीनिळी झाली. बंकटला काय. त्याला कुटं लेकरू हाय.

१० मे
इचार केला. हाडामासाच्या पोरीला गोवराची एक लस पुरती, आन पत्र्याच्या डब्याला रोज? कोर्स करून डोकं फिरलंय त्याचं. बंद.

१५ मे
बंकटचा फोन. रोज दाबता ना? म्हणलं, बोट दुखायलंय. खूश झाला. येडं.

१८ मे
पोरगी मस्त झोपती. डबा ठणठणीत. मी उगंच भेत होते. शेठला म्हणणार, बंकट कशाला पायजे, मी हाय की.

२३ मे, दुपार
मोडेम सकाळपून किंचाळतंय. शेठच्या नावानं डब्यातून आपोआप सगळ्या व्यापाऱ्यान्ला पिरमाच्या चिठ्ठ्या चालल्यात. शेठच्या व्याह्याला बी गेली. शेठनं एसटीडीवरून बंकटला बोलावलं. तो म्हणला, कशालाच हात लावू नका. शेवटची लस कवा दिली ती तारीख डब्यातच आसती म्हणं, पोरीच्या कार्डावर आसती तशी. मेल्यानं हे आधी सांगू न्हाई? त्याच्या लशीतच दम न्हाई.

शेठ म्हणले, बंकट येस्तोवर पायरी उतरलीस तर परत चढायचं न्हाई. पोरगी रडून रडून निळी.

हे पान खिडकीतून टाकते. ज्याला घावंल त्यानं महांतेशदादाला फोन लावा. नंबर मागं लिवलाय. हितला फोन डबा सोडंना. म्हणावं, बंकट यायच्या आत झोळी सोडाया ये. गाठ तुजी हाय, मला सुटंना.