न धाडलेलं बोलावणं

ड्रमकेरी, गॉलवे
२९ ऑक्टोबर १८०१

प्रिय उलिकदादा,

तुझी आणि शार्लटवहिनीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. लंडनचा धूर तुझ्या छातीला मानवत नाही हे तू काही कबूल करणार नाहीस, तरी विचारते. पाकिटावर तुझं नवं सरदारी नाव घालणार आहे, अर्ल ऑफ ड्रमकेरी. गेल्या वर्षभरात सरावाला वेळ होता, तरी हात अडखळतोच.

इकडे सगळं ठीक. यंदा दलदलीतून कापलेलं पीट चांगलं वाळलं, जळणाची चिंता नाही. बटाटे बरे निघाले. तुझी करडी घोडी एका डोळ्याने आंधळी झाली आहे, पण कुंपणावरून उड्या मारायची खोड काही जात नाही. परवाच्या वाऱ्याने दिवाणखान्याच्या दोन काचा फोडल्या. मी तिथे फळ्या ठोकून घेतल्या. खोली अंधारी दिसते, पण तिथे बसायला येतंय कोण?

असं मी आणखी दोन पानं लिहू शकेन.

दादा, आपली सॉरखामाई शनिवारी सकाळी गेली. जिने तुला अंगावर पाजलं, चार वर्षांचा होईपर्यंत स्वतःच्या झोपडीत वाढवलं, ती गेली. सप्टेंबरपासूनच खोकला होता. शेवटी शेवटी ती ओल्या चिमणीएवढी झाली होती, पण जीभ मात्र तशीच तिखट. मी रोज कोंबडीचं पाणी घेऊन जायचे. ती म्हणायची, "एवढी मोठी घराण्याची लेक, आणि मीठ टाकायला विसरतेस? नवरा मिळाला नाही तुला, त्यात नवल नाही गं!"

सारं गाव आलं होतं. मधल्या टेबलावर तिला ठेवलं होतं. मातीच्या चिलमी, तपकिरीची थाळी, सगळं रीतीप्रमाणे झालं. तिचा फेलिम, तुझा दूधभाऊ, दारात उभा राहून एकेकाला आत घेत होता. दुपारी विलाप गाणारी नेल टिअर्नी आली. केस मोकळे सोडून डोक्याशी बसली आणि तिने हेल काढला. तुला माहीत आहे ती कशी नावं घेते. आधी माईच्या नवऱ्याचं घेतलं, मग समुद्रात गेलेल्या थोरल्याचं, मग फेलिमचं, मग अमेरिकेतल्या लेकीचं. त्यानंतर दुधाच्या लेकाचं, तुझं, नाव यायला हवं.

ते आलं नाही. नेल थांबली, श्वास घेतला, आणि पुन्हा नवऱ्यापासून सुरू झाली. कुणी मान वर केली नाही. फेलिम दारातून बाहेर निघून गेला.

तू म्हणशील, मताची शिक्षा दिली. आपली डब्लिनची पार्लमेंट मोडून लंडनच्या पदरात टाकायला तू हात वर केलास आणि अर्ल झालास, त्याचा राग काढला. मीही तसंच समजून घरी आले. निदान तसं समजायचा प्रयत्न केला.

टपाल उद्या निघेल. बाकीचं सकाळी लिहिते.

३० ऑक्टोबर

आज पहाटेच फेलिमकडे जाऊन आले. आता खरं लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

दादा, लोकांनी तुझं मत केव्हाच सोडून दिलं आहे. शिव्या घातल्या, एका गाढवाला तुझं नावही ठेवलं (ते अजून आहे, चांगलं धष्टपुष्ट आहे), आणि मग आपापल्या कामाला लागले. सॉरखामाई तर म्हणायची, "पोराला कुणीतरी सांगितलं असेल, की तू हो म्हण, मग आमच्या कॅथलिक लोकांनाही सभेत बसायला मिळेल. लहानपणीही कुणी काही सांगितलं की त्याला खरंच वाटायचं." तू मलाही हेच सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं नाही. ते वचन हवेत विरलं तेव्हा तुला काय वाटलं असेल, हेही मी विचारलं नाही.

नेलने नाव गाळलं ते वेगळ्याच कारणाने. दूध पाजणारी मरणाला टेकली आहे असा निरोप मिळूनही जो येत नाही, त्याचं नाव विलापात घ्यायचं नाही, ही इथली रीत. तो त्या घराला मेला.

आणि सगळ्यांना वाटतं तुला निरोप मिळाला.

माईने मला तीनदा लिहायला सांगितलं. तिसऱ्यांदा तर माझ्यासमोर बोलून मजकूरही दिला: "लिही, म्हातारी भांडणार नाही, नुसतं तोंड दाखव." मी घरी आले, कागद पुढे घेतला, आणि लिहिलं नाही. तीनही वेळा. तिला सांगितलं, पत्र गेलंय, समुद्र खवळलाय, जहाजं अडकली आहेत.

ती हसली होती. "मी कोळ्याची पोर आहे गं. तीन आठवडे समुद्र खवळलेला असतो होय? तो लाजत असेल." तुझ्यावर आळ घेऊनही तिने तुला सांभाळून घेतलं. मी तिच्या उशाशी बसून गप्प राहिले.

का लिहिलं नाही, हे मी फेलिमला सांगितलं, तुलाही सांगते. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. तू गेलास त्या दिवसापासून मी गाडीचा आवाज आला की जिन्यावर जाऊन उभी राहते. दीड वर्ष. मला वाटत होतं, तू आपणहून यावंस. माईसाठी नाही, जमिनीसाठी नाही, कुणी मरतंय म्हणूनही नाही. मी इथे एकटी आहे एवढ्यासाठी. बोलावलं की पाहुणेही येतात. तिच्या आजारपणाचं कळलं असतं तर तू तिच्यासाठी धावत आला असतास, आणि मग मला कधीच कळलं नसतं की माझ्यासाठी आला असतास की नाही.

या एवढ्याशा हट्टापायी मी तिचं शेवटचं मागणं मोडलं आणि तुझं नाव तिच्या घरातून पुसलं.

फेलिम म्हणाला, "ताईसाहेब, आई शेवटच्या दिवशी दाराकडे तोंड करून झोपली होती." एवढंच. शिवी दिली असती तर मी घेतली असती. नंतर म्हणाला, "हे नेलला सांगायला लागेल. एकट्या नेलला नाही, सगळ्यांना."

सांगणार आहे. चोवीस नोव्हेंबरला, मंगळवारी, तिच्या महिन्याच्या दिवशी त्यांच्या चॅपलमध्ये प्रार्थना आहे. आपल्या प्रॉटेस्टंट घरातलं कुणी त्या दारातून आत गेलेलं नाही, मी जाणार आहे. प्रार्थना झाली की उभी राहून सांगेन की निरोप गेलाच नव्हता, उलिकचा दोष नाही. मग ते माझं काय करायचं ते करोत. नेलला म्हणे गाळलेलं नाव त्या दिवशी थडग्याशी परत घेता येतं, पण ज्याचं नाव आहे तो तिथे उभा असेल तरच.

हे पत्र हाती पडल्यावर दोन दिवसांत निघालास तर पोचशील. माझं तोंड पाहायची इच्छा नसेल तर फेलिमकडे उतर, त्याने खाट तयार ठेवली आहे. मी जिन्यावर उभी राहणार नाही, वचन देते. मला काही मागायचा हक्क उरलेला नाही. पण दादा, तू आल्याचं निदान लांबून कळू दे.

फेलिम स्वतः हे पत्र गॉलवेला टपालात टाकणार आहे. माझ्यावर सोडायला तो तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. तो दारात उभा आहे.

ये.

तुझं बोलावणं अडवून ठेवणारी तुझी बहीण,
होनोरा