भूछत्रं खाल्ली, उत्तम लागली

६ जुलै
पाण्याच्या टाकीमागच्या हिरवळीवर भूछत्रं उगवलीत. पांढरी, ऐटबाज, बशीएवढी. लोक वळसा घालून जातात. घाबरट! निसर्गाने ताट वाढून ठेवलंय आणि आपण पॅकेटमधले रबरी मशरूम चघळतो.
निश्चय: जंगली मशरूम ओळखायला शिकायचं. मला जड नाही. आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. समोरचा माणूस तक्त्यावरची अक्षरं खरंच वाचतोय की पाठ करून आलाय, हे मी चेहऱ्यावरून सांगतो. नजर हाच माझा धंदा.
बायकोला सांगितलं. ती पोस्टात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचं ऐकून आल्यावर घरी ऐकायची ताकद उरत नाही. बरं, म्हणाली. म्हणजे पाठिंबा आहे.

९ जुलै
पुस्तक आणलं. जाडजूड, रंगीत. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: केवळ फोटो पाहून कोणतंही भूछत्र खाऊ नये. मग फोटो छापले कशाला? प्रकाशकाचाच स्वतःच्या मालावर भरवसा नाही. प्रस्तावना सोडून पुढे वाचतोय.

१२ जुलै
फोनवर ॲप घेतलं. फोटो काढला की नाव सांगतं. टाकीमागचं भूछत्र समोरून काढलं तर खाण्याजोगं. वरून काढलं तर विषारी. माझा अंगठा मध्ये आला तर बटाटा.
समोरचा फोटो ग्राह्य धरला. माणसाचाही आपण समोरूनच काढतो.

१५ जुलै
मशरूमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील झालो. ॲडमिन वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. फोटो टाकला. मॅडमनी विचारलं, ठसा घेतलात का? कसला ठसा, ते माहीत नव्हतं. 'चालू आहे' असं लिहून टाकलं.

१७ जुलै, सकाळ
ठशाचं सोपं आहे. देठ काढायचा, छत्री पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाडगा पालथा घालायचा. सकाळपर्यंत छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांतून बारीक पूड कागदावर पडते. तिचा रंग बघायचा.
वाडगा आधी बायकोने उचलला. किंचाळली. दह्याचा होता म्हणे तो.
रंग पांढरा यायला हवा. माझा किंचित हिरवट. खिडकीबाहेर झाड आहे, त्याची सावली. शिवाय ट्यूबलाइट. ट्यूबलाइटखाली गिऱ्हाइकांनाही फ्रेमचा रंग भलताच दिसतो, रोजचा अनुभव आहे. पांढरा धरला.

१८ जुलै
ग्रुपवर कळवलं: ठसा पांढरा. मॅडम म्हणाल्या, फोटो पाठवा. पाठवला. मॅडम म्हणाल्या, हा चक्क हिरवा आहे, कृपा करून खाऊ नका. मी अतिशय नम्रपणे विचारलं, आपण चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात?
ग्रुप सोडला. म्हणजे काढलं त्यांनी, पण मनातून मी आधीच सोडला होता. नवा माणूस पुढे चाललेला दिसला की जुन्यांच्या पोटात दुखतं. आपुलकीने गेलो होतो, पाठीत खंजीर घेऊन परत आलो.

२३ जुलै
रविवारी मेहुणा आणि त्याची बायको जेवायला येणार. जाहीर करून टाकलं: बेत टाकीमागच्या भूछत्रांचा. कन्या म्हणाली, बाबा, प्लीज! ती कॉलेजात केमिस्ट्री शिकते, तिला सगळीकडे विष दिसतं. मेहुण्याने फोनवर विचारलं, दाजी, आम्ही जेवून येऊ का? त्याला विनोद जमत नाही, पण प्रयत्न सोडत नाही बिचारा.
बायको मात्र शांतपणे म्हणाली, तुम्ही आणून द्या, परतते मी. बस्स. डोळ्यांत पाणीच आलं. सगळं जग एकीकडे, आणि हा एक शब्द एकीकडे.

२६ जुलै, रविवार
विजय!!
भूछत्रं लोण्यात परतलेली, वर मिरपूड. ताटं चाटून पुसून साफ. मेहुण्याने दोनदा मागून घेतली. कन्येनेही खाल्ली. मी छोटंसं भाषण केलं: पॅकेटमधल्या मशरूमला चव नसते, याला बघा, मातीचा, मोकळ्या हवेचा वास आहे, जीभ तयार असेल तर कळतो. सगळे माना डोलावत होते. मेहुण्याची बायको तर इतकी भारावली की तोंडावर रुमाल धरून उठून बाहेर गेली.
आयुष्यात काही दिवस असे येतात.

२७ जुलै
दुपारी दुकानात मेहुण्याचा फोन. दाजी, कालचे मशरूम ताईने कुठल्या दुकानातून आणले? पोरांना आवडतील. मी म्हणालो, टाकीमागून. तो म्हणाला, नाही नाही, ते नाही, आपण खाल्ले ते.
मग म्हणाला, गिऱ्हाईक आलंय. त्याची नोकरी सरकारी आहे. तिथे गिऱ्हाईक येत नाही.

२७ जुलै, संध्याकाळ
बायकोने कबूल केलं. अगदी सहज, वरण करपलं असं सांगावं तसं. माझी भूछत्रं तिने कचऱ्यात टाकली आणि पॅकेट आणून परतलं. कन्येला माहीत. मेहुण्याला माहीत. त्याच्या बायकोला माहीत. सगळ्यांनी माझं भाषण ऐकून घेतलं. मोकळ्या हवेचा वास!
मी विचारलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? ती म्हणाली, तुमच्यावर आहे, तुमच्या भूछत्रांवर नाही. ही निव्वळ शब्दांची कसरत. मी जेवलो नाही. कुणी आग्रह केला नाही. तेही लक्षात ठेवलंय.

२९ जुलै
अबोला चालू. चहा दुकानात पितो. ज्या घरात आपल्याच ताटात आपलीच माणसं काय वाढतात ते कळत नाही, तिथे तोंड उघडायचं तरी कशासाठी? बोलायलाही नाही आणि खायलाही नाही.
(बिस्किटं दुकानात आहेत.)

३० जुलै, गुरुवार
आज दुकान अर्धा दिवस. बायको पोस्टात, कन्या कॉलेजात. निश्चय: स्वतः तोडायची, स्वतः शिजवायची, स्वतः खायची. उद्या मी धडधाकट उभा राहीन आणि घरातल्या प्रत्येकाने माझ्या डोळ्याला डोळा भिडवून दाखवावा.
टाकीमागून ताजी आणली. लोण्यात परतली. सुरेख वास.

जेवायला बसलो. काटा जरा कळकट होता. घासून आणला.
निवली. निवलेले मशरूम खाण्यात अर्थ नाही. गरम केली.
कन्येचा फोन, छत्री विसरली म्हणून. त्या शब्दाने दचकलो, बाकी काही नाही.
माशी बसली ताटावर. बराच वेळ बसली. तिला काही झालं नाही.
नंतर माशी दिसली नाही. उडाली असणार.
भीतीचा प्रश्न नाही. पोटच भरल्यासारखं वाटतंय. रिकाम्या पोटी परीक्षा देऊ नये, हा साधा नियम. पाव आणि जाम खाल्ला.
आता पोट खरोखरच भरलं. ताटातली कागदात गुंडाळून कचऱ्यात. कढईतली उरलेली डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. पुरावा म्हणून.

३० जुलै, संध्याकाळ
अबोला सोडला. बायको घरात शिरताच सांगितलं: भूछत्रं खाल्ली, उत्तम लागली.
हे खोटं नाही. खाल्ली असती तर उत्तमच लागली असती. अभ्यास माझा पक्का आहे, आज फक्त भूक नव्हती.
तिचा चेहरा पांढरा पडला. पर्स तशीच खांद्यावर ठेवून माझ्याजवळ बसली. कपाळाला हात लावला. मळमळतंय का, विचारलं. पुन्हा विचारलं. कन्या डॉक्टरला फोन लावायला निघाली, मी हात वर करून थांबवलं. इतकी काळजी या घरात आजवर कुणी केली नव्हती. बरं वाटलं.

३१ जुलै
ठणठणीत. दोघी सकाळी माझ्याकडे चमत्कार बघावा तसं बघत होत्या. बायको दाराशी चप्पल घालताना थांबली आणि म्हणाली, चुकलंच माझं, असं परस्पर टाकून द्यायला नको होतं. तुम्ही एवढ्या हौसेने आणली होती.
क्षमा केली. मोठ्या मनाने. मेहुण्याला अजून करायची नाही.

१ ऑगस्ट, दुपार
दुकानातून जेवायला आलो तर बायको स्वयंपाकघरात हसत उभी. आज तिला सुटी. म्हणाली, तुमची फ्रिजमधली भूछत्रं पावावर घालून खाल्ली, सगळी. तुम्हाला काही झालं नाही, मग मला कसली भीती? खरंच चांगली होती हो!
मी काय बोललो आठवत नाही. सगळी? असं विचारलं असावं.
ती खुशीत पुढे काही सांगत होती. पोस्टातल्या कुणाबद्दल. मी घड्याळाकडे बघत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण सांगायचं काय? भूछत्रं चांगलीच आहेत, अभ्यास केलाय मी. उगाच तिला घाबरवायचं आणि तिचा हसरा चेहरा घालवायचा? एवढ्या दिवसांनी हसली होती.
दुकानात परत गेलो नाही. ती आडवी पडली, तर उशाशी बसून राहिलो. तिला वाटलं, प्रेमाने.
मग ती एकदम उठली आणि मोरीकडे धावली.

२ ऑगस्ट, हॉस्पिटल
लिहायला काही नाही. तरी लिहितो.
टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. उलट्या थांबत नव्हत्या. मध्ये दम मिळाला की मलाच विचारायची, तुम्हाला काही होत नाहीये ना?
कन्येने टाकीमागून एक भूछत्र उपटून आणलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून कुणा तज्ज्ञांना पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला. आवाज ओळखीचा निघाला. मॅडम. मी खुर्ची जरा मागे घेतली. मॅडमनी नाव विचारलं नाही, चूक काढली नाही. म्हणाल्या, हे जीवघेणं सहसा नसतं, पण हाल करतं. सलाइन चालू ठेवा, आणि बाई कशा आहेत ते मला संध्याकाळी सांगा.
मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. यांनी खाल्ली आणि लगेच त्रास. तुम्ही त्याच कढईतली परवा खाल्ली आणि काहीच नाही. हे जुळत नाही. दुसऱ्या एखाद्या जातीची मिसळ झाली असेल. काही विषं आधी गप्प बसतात आणि मग यकृत धरतात. तुम्हालाही दाखल करते, दोघांचं रक्त रोज तपासावं लागेल. किती खाल्ली होती तुम्ही?
मी म्हणालो, तसं मोजलं नाही.
अंदाजे?
बायको कॉटवर होती, डोळे मिटून. हाताला सुई. डोळे न उघडताच म्हणाली, यांना आधी बघा हो, यांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्ली असतील, यांना फार आवडली होती.
मी म्हणालो, मी खाल्ली नाहीत.
डॉक्टरीणबाईंना ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.
त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं. कन्या खिडकीकडे बघत राहिली. बायकोने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणूस चुकून आपल्या कॉटशी येऊन बसला तर कसं बघतील, तसं. रागावली असती तर उत्तर तयार होतं माझ्याकडे. पॅकेटचा विषय काढणार होतो. मग तिने कूस बदलली. सुईची नळी ताणली गेली, ती मी सरळ केली. हात तिने काढून घेतला.

५ ऑगस्ट
घरी आणलं. अशक्तपणा आहे, बाकी ठीक. रक्ताचे रिपोर्ट चांगले. मेहुणा येऊन गेला, माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलला. पुस्तक माळ्यावर टाकलं. चूक पुस्तकाची आहे असं नाही. आहे, पण आता राहू दे.
संध्याकाळी मी स्वतः चहा केला. आलं किसून घातलं. तिला हाताला धरून बसवलं, कप पुढे केला.
तिने कपात पाहिलं. बराच वेळ. मग कप माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, आधी तुम्ही घ्या.
मी हसलो. ती हसली नाही.
एक घोट घेतला. माझ्या गळ्याखाली उतरेपर्यंत ती बघत होती.
साखर जरा जास्त झाली होती.