दोघांचं परतीचं तिकीट

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. टूरवर असताना साइटचा रिपोर्ट न चुकता लिहायचो, मग स्वतःचा का नाही. रिटायर होऊन चार महिने झाले. प्रकृती ठणठणीत. घर नीट. सध्या एकटा आहे, पण ते तात्पुरतं.

विमान कंपनीचं पत्र आलं. एकतीस वर्षं लोकांचे पंप दुरुस्त करत देशोदेशी हिंडलो, त्याचे पॉइंट्स साठलेत. महिनाअखेरपर्यंत वापरा, नाहीतर गेले. लगेच फोन लावला. बुकिंगवाली बाई म्हणाली, एवढ्यात फर्स्ट क्लासची तीन तिकिटं बसतात. मी क्षणभरही विचार केला नाही. एक माझं जायचं, दोन परतीची.

ही लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली ती तिथेच अडकली. अडीच वर्षं झाली. नातीचा लळा, दुसरं काय. कोणी न्यायला गेलं की येईल.

बाईने हिची जन्मतारीख विचारली. महिना पटकन सांगितला. तारीख फायलीत सापडली.

५ मार्च
लेकीला फोन. येतोय असं सांगितलं नाही, फक्त चाचपणी केली. आईला घरची आठवण येते का, असं सहज विचारलं. ती म्हणाली, बाबा, काही ठरवणार असाल तर आधी मला सांगाल ना? हो म्हणालो. पोरगी पहिल्यापासून काळजी करणारी. उगाच तिच्या जिवाला घोर नको, म्हणून सरप्राइजच द्यायचं ठरवलं.

९ मार्च
तयारी जोरात. फर्स्ट क्लासमध्ये बावळटासारखं वागायचं नाही, असा निश्चय. साबण, कंगवे खिशात घालायचे नाहीत. 'हे फुकट आहे का' असं कोणालाही विचारायचं नाही. आरामखुर्चीत पाय लांब करून, वर्तमानपत्र वाचत, कशाचंच नवल नसल्यासारखं बसायचा सराव केला. झोप लागली.

१२ मार्च
हिच्या शिलाई मशीनचं वरचं डोकं काढून कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरलं. जाताना इथेच ठेवून गेली होती, म्हणजे परत यायचा विचार होताच. तरी तिथे नेऊन दाखवावं म्हटलं. बघून घराची ओढ लागेल. मग परत आणायचं. बॅग जड झाली आहे, पण फर्स्ट क्लासला वजनाची कटकट नाही.

शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली. रोज सकाळी कुंड्यांना पाणी घाला, आम्ही दोघं पंधरवड्यात येतोच, असं सांगितलं. वहिनी किल्लीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, भाऊजी, ताईंशी बोलणं झालंय ना? मी म्हणालो, नवरा-बायकोत बोलायचं काय असतं. त्यांनी किल्ली घेतली.

१४ मार्च, सकाळी ११.१०
विमानतळ. विमान पावणेपाचला आहे, पण फर्स्ट क्लासचा पूर्ण लाभ घ्यायचा तर लवकर यायला हवं. आमचं दारच वेगळं. एकतीस वर्षं ज्या दाराकडे नुसतं बघत मागच्या रांगेत उभा राहिलो, ते आज आपोआप उघडलं. कोटातल्या माणसाने बॅग उचलली आणि त्याचा चेहरा पडला. आत काय आहे, असं त्याने अदबीने विचारलं. यंत्र, असं सांगितलं.

११.२५
रांग नाही. काउंटर नाही. सोफ्यावर बसायचं, बोर्डिंग पास चालत आपल्याकडे येतो. पास आणणाऱ्या बाई मला सर म्हणतात. परतीच्या प्रवासात सोबत कोण, असं त्यांनी विचारलं. मिसेस, म्हणालो. त्या म्हणाल्या, किती छान. आहेच छान.

१२.०५
लाउंज. गालिचा इतका जाड की स्वतःचं चालणं ऐकू येत नाही. भिंतीवरून पाणी झुळझुळत खाली येतं. खाली पंप लपवलाय. बेअरिंग जायला आलंय. आवाजावरून सांगतो, तीन आठवडे. लाउंजच्या बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, वर कळवते. कळवणार नाहीत.

१२.४०
आंघोळ. सकाळी घरी झाली होती, पण इथली सोडवेना. पाण्याचा दाब उत्तम. आंघोळीला खोली स्वतंत्र, पंचे चार. एका माणसाला चार पंचे कशाला, हे कळलं नाही, पण सगळे वापरले.

साबणाच्या दोन छोट्या वड्या घेतल्या. निश्चय मोडला असं नाही. हिला दाखवायला घेतल्या.

१.३०
जेवण. मेनूवर किमती नाहीत. वेटरने विचारलं, काय आणू? मी म्हणालो, लोक काय मागवतात? तो म्हणाला, ज्याला जे आवडतं ते. हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. घरी जे असेल ते, साइटवर जे मिळेल ते. हिला काय आवडतं हे आठवायला बसलो. म्हटलं, परत येताना तिच्यासाठी आधीच सांगून ठेवता येईल. गोड आवडतं, एवढं नक्की. की ते लेकीला? शेवटी सूप मागवलं.

बूटही पॉलिश करून मिळाले. पायात घालून चालवेना इतके चकचकीत.

२.१५
पास आणणाऱ्या बाई पुन्हा आल्या. उतरल्यावर राहणार कुठे, तो पत्ता फॉर्ममध्ये लागतो. लेकीचा पत्ता पाठ आहे, सांगितला. बाईंनी शिष्टाचार म्हणून तिथे न्यायला गाडी पाठवायची व्यवस्था केली आणि पाच मिनिटांनी परत आल्या. त्या पत्त्यावर आता दुसरंच कोणी राहतं म्हणाल्या. लेकीने घर बदललं असणार. सांगायचं राहिलं असेल. लहान मूल आहे, धावपळ असते.

सरप्राइज थोडं अलीकडे ओढावं लागतंय. फोन करतो.

२.५०
फोन झाला.

जसा झाला तसा लिहितो. साइटचा रिपोर्ट लिहावा तसा.

लेकीने उचलला. तिथे सकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज. नवा पत्ता दे म्हणालो. कशाला, म्हणाली. सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आधी मला सांगा म्हटलं होतं ना. मग फोन हिने घेतला.

हिने विचारलं, कुठून बोलताय? म्हणालो, एअरपोर्टवरून. ती म्हणाली, हो का, आता कुठे चाललात? एकतीस वर्षांची सवय. म्हणालो, तुझ्याकडे.

मग मी लाउंजबद्दल सांगायला लागलो. पलंग आहे, चार पंचे देतात, बूट पॉलिश करतात, परत येताना तूही बघशील, तुझंही तिकीट काढलंय.

ती म्हणाली, आधी मला विचारायला हवं होतं.

मग म्हणाली, अहो, मी परत येणार नाही. रागाने सांगत नाही. राग होता तेव्हा तुम्ही साइटवर होतात. आता राहिला नाही. सकाळी एका शिवणाच्या दुकानात जाते, दुपारी नातीला पाळणाघरातून आणते. बरं चाललंय.

म्हणालो, मग मी काय करू?

ती म्हणाली, या की. लेक तुमची, नात तुमची. मी तेवढे दिवस मैत्रिणीकडे राहीन. तिला सांगून ठेवते.

म्हणालो, मशीनचं डोकं आणलंय. ती म्हणाली, इथे आहे माझ्याकडे, दुसरं. मग तिने विचारलं, जेवलात का? म्हणालो, इथे पुष्कळ प्रकार आहेत. बरं, म्हणाली. फोन ठेवला.

३.२०
एका खोलीत पलंग आहे. पडलो. पाठ दुखत होती. एवढा लांबचा प्रवास या वयात पाठीला बरा नाही, हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

३.४०
जावं का? नात दिसेल. पण मी दारात उभा राहिलो की हिला पिशवी भरून बाहेर पडावं लागणार. घर तिचं. एकतीस वर्षं मी बाहेर असायचो म्हणून ती एकटी घरात. आता मी घरात येणार म्हणून ती बाहेर. हा हिशोब काही केल्या बरोबर येत नाही.

शिवाय पाठ.

४.०५
विमानापर्यंत न्यायला काळी गाडी आली. बाई स्वतः बोलवायला आल्या. म्हणालो, मी येत नाही. काही चुकलं का आमचं, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, तुमचं काहीच नाही, सगळं फर्स्ट क्लास होतं. त्यांना वाईट वाटलं. मला बसायला सांगून त्यांनी पाणी आणलं. मिसेसना कळवू का, म्हणाल्या. म्हणालो, त्यांना कळलंय.

बॅग विमानाच्या पोटातून परत काढायला चाळीस मिनिटं लागली. माझ्यासाठी तीनशे माणसं खोळंबली. कोटातल्या त्याच माणसाने बॅग आणून दिली. या वेळी काही विचारलं नाही.

संध्याकाळी ७.२०
घरी आलो. किल्ली वहिनींकडे. त्यांची बेल वाजवायला हात उठला नाही. हातातल्या टूरच्या जुन्या बॅगेत एक जादा किल्ली असायची, ती निघाली. दिवा लावला नाही.

पाठीचं काही नाही. पाठ ठीक आहे.

१५ मार्च, सकाळी ८
वहिनी कुंड्यांना पाणी घालायला आल्या. मला खुर्चीत बघून दचकल्या. म्हणालो, विमान रद्द झालं. त्या अरेरे म्हणाल्या, हातातली झारी खाली ठेवली. मग मीच म्हणालो, नाही, विमान गेलं. मी गेलो नाही.

म्हणालो, ही परत यायची नाही म्हणते.

वहिनी समोरच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, ताई जातानाच सांगून गेल्या होत्या. कायमची जातेय म्हणाल्या. मी विचारलं होतं त्यांना, भाऊजींना माहीत आहे का. त्या म्हणाल्या, रात्रीच सांगितलंय, समोर बसवून.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

सांगितलं होतं. मी तेव्हा टूरची बॅग भरत होतो. बरं, म्हणालो होतो.