एक जून, माझ्या अक्षरात

बाबा, गेले पंधरा दिवस टीव्हीवर एका तारखेवरून भांडण चाललंय, आणि ती तारीख माझ्या अक्षरातली आहे. रोज संध्याकाळी सहा माणसं सहा चौकोनांत बसतात आणि एकमेकांवर ओरडतात. एक म्हणतो, अठरा म्हणजे अठरा, वर दोन महिने झालेत, विषय संपला. दुसरा म्हणतो, ज्याला बंदूक पेलते त्याला शिक्षाही पेलते. एक बाई असतात, त्या सांगत असतात की ज्या पोराच्या हातात मोठ्यांनी बंदूक दिली, त्याचा आधी त्या मोठ्यांनीच बळी घेतलाय. दूरच्या देशातलं पोर असलं की आपण त्याला बालसैनिक म्हणून हळहळतो आणि आपल्या गावातलं निघालं की अतिरेकी म्हणतो. त्यांना कुणी वाक्य पुरं करू देत नाही. मग पडद्यावर आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचं पान येतं, एका ओळीभोवती लाल गोल काढलेला. जन्मतारीख एक जून, आकड्यात आणि अक्षरी. त्यातला 'ज' तुम्ही माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतला होता, अगदी तसाच आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या हातातलं वरणाचं पातेलं सुटलं. आमच्या ह्यांना सांगितलं, हात पोळला.

तुम्हाला हा मुलगा ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तो अठराचा. की सतराचा, तोच तर वाद आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार. पहिली ते चौथी तो माझ्याच वर्गात होता. डोळे मिटून पाढे म्हणायचा आणि सातावर अडकायचा. वर्गात उंदीर निघाला तर बाकावर चढणारा पहिला हाच. पुढं नववीत नापास झाला, मुरुडला बर्फाच्या कारखान्यात लागला, तिथं कुणीतरी त्याला मोबाईल दिला, आणि एक दिवस जो गेला तो चार महिने आलाच नाही. आईला वाटलं, कुठल्यातरी बोटीवर गेला असेल. त्या चार महिन्यांतला त्याचा एक फोटो दाखवतात. खांद्याला बंदूक आहे आणि ती त्याला मोठी होते, थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखी. त्याचे वकील म्हणतात, तिथं त्याला मारायचे, उपाशी ठेवायचे. पोलीस म्हणतात, प्रशिक्षण. दोन्ही खरं असेल. श्रावणात त्यानं एका शहरातल्या एसटी स्टँडवर बॅग नेऊन ठेवली, ती फुटली आणि तिथं चणे-शेंगदाणे विकणाऱ्या एका माणसाचे दोन्ही डोळे गेले. त्या माणसाचं पट्ट्यांत गुंडाळलेलं तोंड दाखवलं तेव्हा मला असा राग आला की पोरगा समोर असता तर मी त्याला बदडून काढलं असतं. मग त्याला गाडीत घालताना दाखवलं. तोंडावर काळं फडकं, आणि शिपाई त्याची मान दाबून त्याला आत ढकलतोय. राग गेला आणि भीती आली, ती अजून बसलेलीच आहे.

भीती कसली ते सांगते. रजिस्टर धरलं तर त्या दिवशी तो अठरा वर्षं दोन महिन्यांचा होता. म्हणजे मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचा तुरुंग, आणि बाहेर यायची आशा नाही. त्याची आई सांगते ते धरलं, तर तो वाल पेरायच्या दिवसांत जन्मला, थंडीत, घरीच. ग्रामपंचायतीत कुणी नोंद केली नाही. मग त्या दिवशी तो सतरा वर्षं आठ महिन्यांचा होतो, कायद्यानं मूल. शिक्षा तेव्हाही होईल, व्हायलाच हवी, पण कधीतरी तो परत येईल. या दोन गोष्टींमध्ये दुसरं काही नाही, बाबा, फक्त मी लिहिलेली एक ओळ आहे. आणि उद्या त्या ओळीबद्दल कोर्टात मला विचारणार आहेत.

आता थोडं तुमच्याशी भांडते. हे एक जूनचं खूळ तुमचं. शाळा सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचात. आयाबाया पोरं घेऊन यायच्या. जन्म कधीचा विचारलं की कुणी म्हणायची लावणीतला, कुणी म्हणायची खाडीचं पाणी घरात शिरलं त्या सालचा. तुम्ही पोराला जवळ बोलवायचात. उजवा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि डावा कान पकड. पकडता आला की सहा वर्षं पूर्ण, लिहा एक जून. नाही आला, तर खडीसाखरेचा खडा हातावर ठेवून पुढच्या वर्षी ये. आत्याच्या मुलाचा हात पोचला नाही तेव्हा त्यालाही परत पाठवलंत, आणि आत्यानं वर्षभर आपल्या दारात पाऊल टाकलं नाही. सगळ्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. माझासुद्धा. आई सांगायची मी थंडीतली, पण माझे हात लांब, कान लवकर सापडला, म्हणून तुमच्या कृपेनं मी येत्या एकतीस मेला वेळेआधीच निवृत्त होणार आहे. यावरून मी तुम्हाला किती चिडवलं असेन. तुम्ही म्हणायचात, रजिस्टरात नाव आलं की माणूस सरकारला दिसायला लागतो. आजोबांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. धम्म घेतल्यावर आपल्या वस्तीतून शाळेत गेलेली तुमची पहिली पिढी, त्या वहीवर तुमचं प्रेम असणारच. तर आता हे पोर सरकारला दिसतंय, चांगलंच दिसतंय.

मी चौथीत असताना माझ्या मैत्रिणीच्या हजेरीतला गैरहजर ब्लेडनं खरवडून काढला होता, आठवतं? कागदाला भोक पडलं. तुम्ही मारलं नाहीत. सगळी मुलं घरी गेल्यावर मला टेबलासमोर बसवलंत, आई दोनदा दारात येऊन हाक मारून गेली तरी उठू दिलं नाहीत. मी त्या भोकाकडे बघतेय, बाहेर कुणीतरी सुकत घातलेले बोंबील उचलतंय, आणि तुम्ही अगदी हळू म्हणता, "लिहिलं ते लिहिलं. चुकलं असेल तर समोर येऊन सांगायचं. खरवडायचं नाही." मला तेव्हा वाटलं होतं, मारलं असतंत तर बरं झालं असतं. पुढं मी डीएड होऊन याच शाळेत लागले तेव्हा तुम्ही मला तुमचा काळा लाकडी रूळ दिलात, रकाने आखायचा. तो अजून टेबलावर आहे. आज रविवार, शाळेत कुणी नाही, आणि तो समोर ठेवूनच मी लिहितेय.

पोलीस आले तेव्हाही तो टेबलावरच होता. साध्या कपड्यांतले दोघे, अगदी अदबीनं बोलणारे, चहासुद्धा नको म्हणाले. रजिस्टरचा उतारा मागितला. मी लिहून दिला, सही केली, शिक्का मारला. त्यातल्या एकानं सहज विचारलं, तारीख बरोबर आहे ना मॅडम. मी म्हटलं, रजिस्टरात आहे ती बरोबर. बत्तीस वर्षं हेच उत्तर देत आलेय, तोंडातून आपोआप निघालं. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि खाली पुन्हा माझी सही घेतली. ते गेल्यावर मी वर्गात गेले आणि दुसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवताना मला हातचा घ्यायचं सुचेना.

तेव्हापासून अनोळखी नंबरचा फोन मी उचलत नाही. परवा शाळेच्या भिंतीवर कोळशानं कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते मी मुलं यायच्या आत पुसलं. वाचायला मीच शिकवलंय ना त्यांना. आमचे हे म्हणतात, तू कशाला पडतेस त्यात, रजिस्टर उघड, वाचून दाखव, खाली बस. त्यांचं काय चुकलं? खोटी तारीख लिहिली म्हटलं की चौकशी, पेन्शन अडकणार, आणि गावात अतिरेक्याला वाचवणारी बाई म्हणून उरलेलं आयुष्य काढायचं. त्या चणेवाल्याचीही भीती वाटते मला. त्यानं विचारलं, बाई, माझे डोळे गेले आणि तुम्ही त्याचे महिने मोजत बसलात, तर मी काय सांगू?

मुलाची आई मला आगरदांड्याच्या जेट्टीवर भेटली. भेटली म्हणजे वाट बघत उभी होती. इथल्या घराची कौलं फोडल्यापासून ती पलीकडे दिघीला बहिणीकडे असते. कोलंबी सोलून सोलून बोटांची कातडी पांढरी पडलीय तिची. फेरीबोट लागत होती, माणसं आमच्याकडे बघत बघत उतरत होती. ती रडली नाही की पाया पडली नाही. म्हणाली, "बाई, त्यानं केलाय ता केलाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन तो लहान हाय, येवढाच सांगा. माजा कोन आयकत न्हाय. तुमीच लिवलाव, तुमीच सांगा." मी म्हटलं, बघते. तिनं मान हलवली आणि बोटीत जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून बसली.

त्यानंतर मुलाचे वकील शाळेत आले, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी विचारलं, वय वाढवून का लिहिलंत? मी सांगितलं, त्याची आई पहाटे कोलंबीच्या शेडवर जायची, पोर खाडीकाठी एकटं फिरायचं, तिची दया आली. हातही कानाला पोचला, मग लिहिलं एक जून, माझ्या वडिलांची पद्धतच होती तशी. त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि पेन बंद केलं. म्हणाले, "मॅडम, हे टिकणार नाही. सरकारी वकील म्हणतील, बाईंना तेव्हाही दया आली आणि आताही दयाच येतेय. तुमचा स्वतःचा त्यात काही फायदा होता का? असता, तर कोर्टानं विश्वास ठेवला असता." असं म्हणून ते हसले. मीही हसले. जाताना म्हणाले, काही आठवलं तर फोन करा.

बाबा, वकिलांना सांगितलं ते खोटं आहे. आणि वर तुमच्याशी भांडले तेही खोटंच, सगळं तुमच्या माथी मारून मोकळी व्हायला बघत होते. त्या वर्षी शाळेचा पट एकोणीस होता. वीसच्या आतल्या शाळा बंद करणार अशी हवा होती, आणि शाळा बंद झाली असती तर माझी बदली म्हसळ्याच्या आतल्या कुठल्यातरी वाडीवर. मला घरून डबा घेऊन चालत शाळेत जायचं होतं, इतकंच. ती बाई माझ्याकडे आलीच नव्हती. मी तिच्या घरी गेले. ती म्हणत होती, पोर लहान हाय बाई, पुढच्या सालाला घालते. मीच तिला पटवलं, दुपारचं जेवण मिळेल, पुस्तकं मिळतील, म्हणून. जेट्टीवर तिनं यातलं एक अक्षर काढलं नाही. त्या वर्षीचं पटपत्रक कपाटात आहे, आत्ताच काढून बघितलं. विसावं नाव त्याचं.

उद्या सकाळी सहाची एसटी आहे. पटपत्रक पिशवीत ठेवलंय. वकिलांना फोन केलेला नाही. तिथं उभं राहिल्यावर तोंड उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. पुन्हा 'रजिस्टरात आहे ती बरोबर' असंच निघेल, याची सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून आधी तुमच्यासमोर म्हणून बघावं असं ठरवून बसले होते, तर इथंही शेवटच्या पानापर्यंत टाळलं. हे कागद कुठं पाठवणार, तुमच्या रुळाला गुंडाळून ठेवते. एक राहिलंच. त्याला मी तुमच्या त्याच ओट्यावर उभं केलं होतं. डोक्यावरून हात नेला त्यानं, दोन बोटं कमी पडली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्याची मान धरून हाताकडे वाकवली आणि म्हटलं, सापडला बघ. तो इतका खूश झाला. त्याचा हात पोचला नव्हता, बाबा.