मंडईच्या दिवसांतला समुद्र

हॅवलॉक, अंदमान
१२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. तेजूताईस,
प्रितमचा शि. सा. न. वि. वि.

राखी मिळाली. करंज्यांचा वाटेत चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, डिंपलच्या शिवणदुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे लाखांदूरच्या अर्ध्या बाजाराशी बोलायचं. तुझा फोन सासऱ्यांच्या कापडदुकानात गल्ल्यावर पडलेला असतो आणि श्यामरावजी तो स्पीकरवर टाकतात. मागच्या वेळी तू बरी आहेस असं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. बरी असतीस तर एवढ्यांदा सांगितलं नसतंस.

म्हणून मी ठरवलं आहे. यंदा भाऊबीजेला मला येता येणार नाही, आमच्या कॅम्पचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. तेव्हा ओवाळणी म्हणून तूच इकडे ये. पहिल्या रात्री आमच्या किनाऱ्यावर तंबू. इथे किनाऱ्याला मोहाची झाडं आहेत, म्हणजे नाव तेच, पण फुलं वेचायला टोपली घेऊन कोणी येत नाही. मग बोटीने नील बेटावर, तिथून परत येऊन मोठ्या जहाजाने लिटल अंदमानला. तिथल्या लाटा सर्फिंगच्या फळीवर उभं राहायला चांगल्या. आईचा मार खात आसगावच्या बोडीत, त्या एवढ्याशा तळ्यात, मला पोहायला तू शिकवलंस. लाटेवर उभं राहायला मी शिकवतो.

आत्तापासून सराव कर. पाटावर पालथी पड, हात छातीशी, आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभी हो. पडलीस तर हसायला मी तिथे नाही.

लोभ आहेच, तो पोस्टाच्या भरवशावर सोडला आहे.

तुझा,
प्रितम

---

लाखांदूर
२७ ऑगस्ट २०२५

चि. प्रितम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डिंपलने ब्लाउजच्या कापडात गुंडाळून आणून दिलं. राखी पाठवून विमानप्रवास मिळवला म्हणजे आवळा देऊन कोहळाच काढला की मी. पण बाबा रे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

मी यांना विचारलं. हे आधी हसले, मग म्हणाले बाबांना विचारतो. श्यामरावजींनी मान वर न करता सांगितलं की मूल झाल्यावर खुशाल जा, दोघं काय तिघं जा. त्यावर यांनी पुन्हा विषय काढला नाही. माणूस वाईट नाही, पण वडिलांसमोर त्यांचा आवाजच फुटत नाही.

गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं पोट पडलं. तेव्हापासून मला तलावावर जायला, पाण्यात उतरायला मनाई आहे, कारण सासूबाईंना कोणीतरी सांगितलं की पाण्यानेच झालं. या घरात मला रडायलासुद्धा जागा नाही. मोरीत उशीर झाला तर दार वाजवतात. मला समुद्राची हौस नाही, प्रितम. मला फक्त एकदा पाण्यावर उताणं पडायचं आहे, जिथे माझ्याकडे कोणी बघणार नाही. ते झालं नाही तर माझं काय होईल ते मला कळत नाही, आणि हे मी आईला सांगू शकत नाही.

पाटावरचा सराव मात्र सुरू केला. दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत करत होते, तर सासूबाईंनी पाहिलं. मूल राहावं म्हणून मी आसनं करते असं त्यांना वाटलं. साऱ्या आळीत कौतुकाने सांगत सुटल्या आहेत. आता रोज त्याच मला पाट काढून देतात. हसू की रडू, तूच सांग.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
ताई

---

हॅवलॉक
१० सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका पाहुण्याचा तंबू उलटा ठोकला.

तिकीट काढलं आहे, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तेव्हाचं. त्या दिवसांत सासरची माणसं पोरीला माहेरी पाठवायला नाही म्हणत नाहीत, हे तुलाच ठाऊक. पुढचं तू आणि आई ठरवा. मला सुचत नाही, मी फक्त धक्क्यावर उभा असेन.

तोवर समुद्राचं सांगतो. लाट फुटायच्या आधी क्षणभर हिरवी होते, रोवणी झालेल्या धानाच्या बांधीसारखी. अंधारात पाण्यात हात फिरवला तर बोटांभोवती उजेड होतो, दिवा नाही नि काही नाही. पहिल्यांदा तोंडात पाणी गेलं तेव्हा मला रागच आला. एवढं पाणी, आणि घोटभर प्यायच्या कामाचं नाही. पण उताणं पडलं की तेच खारं पाणी माणसाला बोडीपेक्षा सोपं उचलून धरतं. तुला काही करावं लागणार नाही.

लवकर उत्तर दे, नाहीतर मीच फोन करून सगळ्या बाजाराला सांगेन.

तुझा,
प्रितम

---

लाखांदूर
२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद.

जमलं. भाऊबीजेनंतर मी आसगावला जाणार, असं आईने निरोप देऊन ठरवून घेतलं. भीती एकच होती, की आसगावच्या मंडईला श्यामरावजी पाहुणे म्हणून येतील आणि सुनेला हाक मारतील. पण यंदा आसगावची आणि लाखांदूरची मंडई एकाच दिवशी आली. इथल्या मंडईचे तेच पुढारी, गोंधनाच्या नाचाच्या पथकांना नारळ तेच देतात, म्हणजे ते गाव सोडत नाहीत. आदल्या दिवशी अड्याळची मंडई आहे. त्या दिवशी पहाटे मी नागपूरला निघेन. कोणी विचारलंच तर मी अड्याळला मावशीकडे मंडई पाहायला गेले आणि तिने ठेवून घेतलं, असं आई सांगेल. मावशीला यात घेतलेलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

आई आधी खूप चिडली. मग तिने विचारलं की तिथे पाणी किती खोल असतं. मी म्हटलं, कमरेएवढं. तिने विश्वास ठेवला नाही, पण होकार दिला.

किती वर्षांनी मला झोपेतून उठावंसं वाटतं आहे. भीतीही तेवढीच वाटते. तंबूत माझी उशी पाण्याच्या बाजूला ठेव.

भेटेपर्यंत लोभ, भेटल्यावर भांडण.

तुझी,
ताई

---

आसगाव
२८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रितमले,
तुह्या आईचा आशीर्वाद.

फोनवर तुले धड सांगता नाही आलं, रडू येत होतं. म्हणून लिहून राहिली. चूक माही आहे, तेजूले बोल लावू नको.

तुह्या मावशीले म्या काहीच सांगतलं नव्हतं. अन् तेजूचे सासरे, आपले इवाई, त्याच दिवशी अड्याळच्या मंडईले गेले, पुतण्यासाठी पोरगी पाहाले. मंडईत तर सारेच जातात पोरी पाहाले, हे माह्या ध्यानातच नाही आलं. आपलेच सोयरे म्हणून जेवले कुठं, तर तुह्या मावशीकडं. वापस लाखांदूरले जाताना आसगाव वाटेतच पडते. आले, खाटेवर बसले, अन् सून कुठं आहे म्हणून इचारलं. म्या बिनधास्त सांगतलं, अड्याळले मावशीकडं गेली. तिथूनच तर जेवून आलो, म्हणे. म्या पाण्याचा गडवा समोर ठेवला, तो त्यायनं हातानं बाजूले सारला. सून येतपर्यंत या घरचं पाणी घेत नाही म्हणे.

मंग सारंच सांगा लागलं. गाव आंगनात जमा झालं. मंडईचे पाहुणे घराघरात, सारे पाहून राहिले. एवढा मोठा माणूस आपल्या दारात तहानेला बसला, बापू, माह्याच्यानं नाही पाहावलं. म्या तेजूले फोन केला. ते विमानतळाच्या आत बसली होती. काहून, कायले, काही नाही इचारलं तिनं. येतो म्हणे.

दिवे लागताना आली. तिच्याच हातानं पाणी देल्लं. इवाई सारा गडवा प्याले, उठले, चपला घातल्या, अन् मले म्हणाले, “आता ठेवा तुमच्या पोरीले तुमच्यापाशीच.” तिच्याकडं पाहालं बी नाही.

दुसऱ्या दिवशी आसगावची मंडई झाली. आमच्या दारावरून सारी गेली, आमी दार नाही उघडलं. तुमाले पाण्यात जाता म्हणून म्या लहानपणी मारलं. अखेर पाण्यानंच घात केला.

तब्येत सांभाळ. तिले पत्र टाक, माह्यासंगं ते बोलत नाही.

तुही,
आई

---

हॅवलॉक
६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. तू पोचणार होतीस त्या दिवशी मी धक्क्यावर गेलो होतो. तू येणार नाहीस हे आईने फोनवर सांगितलं होतं, तरी गेलो. तंबू दोन दिवस तसाच ठेवला, मग कॅम्पच्या मालकाने पाहुण्यांना दिला.

दुसरं तिकीट काढतो. आता तर कोणाला विचारायचंही राहिलं नाही. आईलाही घेऊन ये. भाऊजींशी मी बोलू का? तू सांगशील तसं करतो, फक्त काहीतरी लिही. तू गप्प बसलीस की मला बोडीचा मधला खोल भाग आठवतो.

तुझाच,
प्रितम

---

आसगाव
२१ नोव्हेंबर २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद.

तिकीट काढू नकोस. तुझ्यावर राग नाही, आईवरही नाही. तिच्याशी बोलत नाही, कारण बोलायला लागले की ती माफी मागते आणि मला ते सोसत नाही.

मागच्या आठवड्यात हे आले होते. मोटरसायकलवरून माझ्या कपड्यांची पेटी उतरवली, दारात ठेवली. आत या म्हटलं तर आले नाहीत. बराच वेळ उभे राहिले. शेवटी हळूच विचारलं की विमान तरी दिसलं का. मी म्हटलं, दिसलं, काचेतून. बरं झालं म्हणाले आणि गेले. माझी अशी खात्री झाली आहे की ते पुन्हा येणार नाहीत. पेटीत सगळ्यात खाली सासूबाईंनी पाट घालून दिला आहे. त्यांना अजून वाटतं की ती आसनंच होती.

दिवसभर काम असतं ते बरं आहे. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी सुरू आहे, मी मजूर बायांबरोबर बांधीत जाते. बोडी शेजारीच आहे. आता मला कोणी अडवत नाही, पण उतरावंसं वाटत नाही. काठावर पाय बुडवते आणि परत येते. तुला वाटते ती भीती बाळगू नकोस. ते करायलाही अंगात जोर लागतो, तेवढा माझ्यात उरलेला नाही.

एक गंमत मात्र सांगते. गावात बातमी अशी पसरली आहे की मी समुद्रावर जाऊन आले. नागपूरहून परत आले हे कोणी ऐकूनच घेत नाही. काल दुपारी बाया जेवायला बसल्या, तेव्हा एकीने विचारलं की समुद्र कसा असतो. आधी खरं सांगणार होते. पण जिच्यासाठी घर गेलं ती गोष्ट पाहिलीच नाही, हे माझ्या तोंडातून निघेना. म्हणून सांगितलं, की लाट फुटायच्या आधी हिरवी होते, आपल्या रोवणीच्या बांधीसारखी. अंधारात हात फिरवला की बोटांभोवती उजेड होतो. पाणी घोटभरही पिता येत नाही, पण ते माणसाला उचलून धरतं. सगळ्याजणी शिळी भाकर हातात धरून ऐकत होत्या. एक म्हातारी म्हणाली की नवऱ्याचं घर गेलं ते गेलं, पण पोरीने पाहून तरी घेतलं. मी हो म्हटलं.

आज त्यांनी पुन्हा विचारलं. मी कालचंच परत सांगितलं. उद्याही विचारतील, कापणी अजून बरीच आहे.

तेव्हा तिकीट नको, पत्र लिही. समुद्राचं आणखी लिही, नीट, सगळं लिही. माझ्याजवळचं सांगून संपत आलं आहे.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई